बाहीची कड

७ डिसेंबर १९४१. अमेरिकी नौदलाच्या पर्ल हार्बर या तळावर जपाननं हल्ला केला तेव्हा रविवारची सकाळ होती. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर कुणी न्याहारीला बसलं होतं, कुणी नुकतंच उठलं होतं. हवा उबदार, त्यामुळे कित्येक नाविकांच्या अंगात अर्धी चड्डी आणि बनियन एवढंच होतं. स्फोटांच्या झळीनं भाजलेले हे नाविक उपचारासाठी आले तेव्हा डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्या अंगावर साधं, पातळ सुती कापड होतं, त्यांची त्या कापडाखालची कातडी पुष्कळदा शाबूत होती. भाजल्याची खूण बाहीच्या कडेपर्यंत यायची आणि पट्टीनं रेघ मारावी तशी तिथे थांबायची. रेघेच्या वर कातडी धड, खाली सोललेली.

स्फोटाची झळ क्षणभराचीच असते, पण तेवढ्यात उघडी कातडी जळते. मधे कापडाचा एक पदर आणि त्याखाली हवेचा पातळ थर असला, तर तो क्षण कापडावर निभावतो. लढाईच्या वेळी बाह्या खाली सोडा, गळ्याचं बटण लावा, पँटचे पाय मोज्यात खोचा, हे नियम अशाच अनुभवांतून आले. बाहेरच्या माणसाला ते शिस्तीचे सोपस्कार वाटतात. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी भाजलेल्या हातावरून शिकलेला आहे.

म्हणूनच नौदलाच्या कामाच्या गणवेशाबद्दल बोलताना चर्चा रंग, नक्षी आणि रुबाब यांवरच अडकते तेव्हा मला राग येतो. समारंभाचा पांढराशुभ्र गणवेश हा वेगळा विषय आहे. त्यात परंपरा, मान, दिमाख सगळं असायलाच हवं. पण रोज आठ-दहा तास अंगावर असणारा, इंजिनाच्या खोलीत, डेकवर, दोरखंडांशी झटताना घालायचा पोशाख हे आधी जीव वाचवण्याचं साधन आहे. त्याची परीक्षा आग, पाणी आणि उकाडा या तीनच गोष्टींनी घ्यायला हवी. दिसण्याचा विचार त्यानंतर करावा. जगातल्या सगळ्यात श्रीमंत, म्हणजे अमेरिकेच्या नौदलानं हा क्रम उलटा लावला आणि त्याचं काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे.

थोडं मागं जाऊ. ब्रिटिश नौदलात अधिकाऱ्यांना गणवेश मिळाला १७४८ साली. साध्या नाविकांना तो मिळायला १८५७ साल उजाडलं. मधली शंभराहून अधिक वर्षं नाविक जहाजावरच्या भांडारातून मिळणारे तयार कपडे पगारातून पैसे कापून विकत घेत, नाहीतर स्वतः शिवत. त्या कपड्यांवर कुठल्याही समितीची मोहोर नव्हती, पण ते कामानं घडवलेले होते. डोक्यावर डांबर चोपडलेली कॅनव्हासची टोपी, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. आखूड जाकीट, कारण डोलकाठीवर चढताना लांब कोट पायात येतो. पुढे ढगळ पायांची पँट आली. डेक धुताना ती गुडघ्यापर्यंत गुंडाळता येते आणि पाण्यात पडलं तर बूट न काढताही ओढून काढता येते.

आणि काढलेली ती पँट उपयोगी पडते. दोन्ही पायांची टोकं एकत्र करून गाठ मारायची, पुढचं बटण किंवा चेन लावायची, कमरेची बाजू हातात धरून पँट डोक्यावरून झटक्यानं पुढे आणायची आणि कमरेचं तोंड पाण्याखाली दाबून धरायचं. हवा आत कोंडली जाते. ओल्या सुती कापडाची भोकं पाण्यानं बुजलेली असतात, त्यामुळे हवा लगेच निसटत नाही. फुगलेले दोन पाय काखेत घेऊन माणूस तरंगत राहू शकतो. थोड्या वेळानं हवा कमी होते, मग पुन्हा भरायची. नाविकांना हे पोहण्याच्या तलावात शिकवतात. पँटच्या कापडाची वीण किती घट्ट असावी, हा प्रश्न एखाद्याच्या जगण्या-मरण्याचा असू शकतो तो असा.

अमेरिकी नौदलात जाड सुती डंगरीला १९१३ मध्ये मान्यता मिळाली आणि निळी डेनिमची पँट नि फिकट निळा शर्ट हा वेश विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. डंगरी हा शब्द आपल्याकडून गेलेला आहे, त्याचं मूळ मुंबईच्या डोंगरीशी आणि तिथल्या जाड्याभरड्या कापडाशी जोडलं जातं. पण तो तिकडे इतकी वर्षं टिकला तो नावासाठी टिकला नाही. कापड सुती होतं, धुवायला सोपं होतं, फाटलं तर जहाजावर शिवता येत होतं, आणि आगीत ते वितळत नव्हतं.

या न वितळण्याकडे जरा जवळून पाहायला हवं. कापड ओळखणाऱ्यांची एक जुनी, साधी रीत आहे. कापडातून एक धागा उसवायचा, चिमट्यात धरायचा आणि ज्योतीजवळ न्यायचा. सुती धागा पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी मऊ राख उरते. नायलॉनचा धागा ज्योत लागायच्या आधीच आक्रसतो, मागं सरतो, टोकाला मण्यासारखा थेंब जमतो. तो थेंब खाली पडला तर जिथे पडेल तिथे चिकटतो आणि गार झाल्यावर खड्यासारखा कडक होतो. नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो, पॉलिस्टर २५० ते २६० च्या आसपास. माणसाच्या कातडीला ४४ अंशांपासूनच इजा व्हायला लागते. आता तो मणी एका धाग्याचा न धरता अख्ख्या पँटच्या पायाचा धरा आणि खाली मांडी आहे हे लक्षात घ्या.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश नौदलाला हे प्रत्यक्ष पाहावं लागलं. ४ मे रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्र एचएमएस शेफील्ड या ब्रिटिश युद्धनौकेला लागलं, जहाजभर आग आणि धूर पसरला, २० जण गेले. त्या युद्धात भाजलेल्या नाविकांच्या अंगावरचे कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटल्याचं दिसलं. जखम नुसती झळीची राहिली असती, ती वितळलेल्या प्लॅस्टिकची झाली. यातलं दुःख असं की ब्रिटिश नौदलाला झळीचा धडा त्याआधीच मिळालेला होता. १९१६ मध्ये जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईनंतर त्यांनी डोकं-मान झाकणारे कानटोपीसारखे बुरखे आणि लांब हातमोजे आणले, आणि ते पुढे दुसऱ्या महायुद्धात सर्रास वापरले गेले. म्हणजे डोकं आणि हात जपण्याची अक्कल होती. पण दरम्यानच्या शांततेच्या वर्षांत इस्त्री टिकते, लवकर वाळतं, स्वस्त पडतं म्हणून धड आणि पाय कृत्रिम धाग्याच्या हवाली झाले. फॉकलंडनंतर त्यांनी कामाच्या पोशाखाचं कापड बदललं आणि आजही ब्रिटिश नौदलाचा समुद्रावरचा कामाचा वेश साधा गडद निळा, नक्षी नसलेला, अग्निरोधक आहे. त्यांनी आपल्या चुकीबद्दल किंमत मोजली, पण धडा पुन्हा विसरला नाही.

अमेरिकेत मात्र उलट झालं. १९९६ मध्ये तिथल्या नौदलानं रोजच्या कामाच्या गणवेशाला अग्निरोधक असण्याची अट काढून टाकली. इंजिनाच्या खोलीत किंवा विमानांच्या डेकवर काम करणाऱ्यांना वेगळे अग्निरोधक कपडे मिळतच होते, बाकीच्यांना कशाला, असा तो हिशेब. पुढे २००३ मध्ये टास्क फोर्स युनिफॉर्म नावाचं काम सुरू झालं. हजारो नाविकांची मतं घेतली गेली, नमुने वापरून पाहिले गेले, आणि त्यातून २००९ च्या आसपास निळ्या-करड्या चौकोनी ठिपक्यांचा नवा गणवेश आला. नाविकांनी त्याला ब्लूबेरी म्हणायला सुरुवात केली. कापड अर्धं नायलॉन, अर्धं सुती.

या गणवेशामागचा विचार अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं. कामाचे निरनिराळे वेश जाऊन एकच वेश राहणार होता. ठिपक्यांवर रंगाचे, ग्रीसचे डाग पटकन दिसत नाहीत. नायलॉनमुळे कापड टिकतं, चुरगळत नाही. आणि मुख्य म्हणजे नाविकांना तो हवा होता; लष्कर आणि मरीन कोर (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं दल) यांच्याकडे असा लढाऊ दिसणारा पोशाख असताना आपण गॅरेजमधल्या मिस्त्रीसारखे का दिसावं, ही भावना खरी होती. मी तिला हसणार नाही. जो माणूस महिनोन्महिने घरापासून दूर राहतो त्याला आपण कोण आहोत हे अंगावर दिसावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

पण कपड्यानं अंगावर ओळख द्यायची आणि अंगच वाचवायचं नाही, हे चालणार नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या नौदलाच्याच कापड-प्रयोगशाळेनं या कापडाची आगीची चाचणी घेतली. अशा चाचणीची पद्धत साधी असते. फूटभर लांबीची पट्टी उभी टांगायची, खालच्या कडेला बारा सेकंद ज्योत लावायची, ज्योत काढायची आणि पट्टी आपोआप विझते का ते पाहायचं. चांगलं अग्निरोधक कापड ज्योत काढल्यावर दोन-तीन सेकंदांत विझतं, काळा डाग तेवढा राहतो. ब्लूबेरीचं कापड पूर्ण जळून संपेपर्यंत जळत राहिलं. शिवाय त्यातलं नायलॉन वितळून चिकट होत होतं. हे बाहेर आल्यावर गहजब झाला. नौदलाचं उत्तर होतं की या गणवेशाला अग्निरोधक असण्याची अटच नव्हती. उत्तर खरं होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

त्या उत्तरामागे एक समजूत आहे: आग ज्याच्या-त्याच्या कामाच्या जागी लागते. जमिनीवरच्या कारखान्यात ते चालेल. तिथे भट्टीवाल्याला वेगळे कपडे आणि कारकुनाला वेगळे. जहाजावर कारकून आणि भट्टी यांच्यात एक पोलादी पडदा असतो. शेफील्डवर क्षेपणास्त्राच्या तडाख्यात सापडलेल्यांत मुदपाकखान्यात काम करणारे आचारीही होते. कुणाच्या अंगावर कोणत्या हुद्द्याचे कपडे आहेत हे क्षेपणास्त्र पाहत नाही. आणि आग लागली की जहाजावर अग्निशमन दल बाहेरून येत नाही, स्वयंपाकी, लेखनिक, रडारवाला, सगळेच होजपाइप धरायला धावतात. पहिली काही मिनिटं ते अंगावर जे असेल त्यातच असतात. म्हणून जहाजावरच्या प्रत्येकाला सारखंच अग्निरोधक कापड मिळायला हवं, यात हुद्दा किंवा विभाग आणायचं कारण नाही.

अमेरिकी नौदलानंही अखेर हे मान्य केलं. २०१३ मध्ये समुद्रावरच्या सगळ्यांना अग्निरोधक बॉयलर सूट द्यायचं ठरलं, पुढे त्याचा दोन तुकड्यांचा प्रकारही आला. ब्लूबेरी गणवेश मोडीत काढण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून तो पूर्ण बंद झाला. त्याच्या जागी काय आलं? हिरव्या ठिपक्यांचा गणवेश. कापड पुन्हा अर्धं नायलॉन, अर्धं सुती. म्हणजे एवढा खर्च, एवढी ओरड झाल्यावर बंदरावरच्या नाविकाला मिळाला जंगलात लपण्याचा पोशाख आणि समुद्रावर जाताना त्यावर उतारा म्हणून वेगळा सूट. पण जहाज बंदरात उभं असतानाही जळतं. सान डिएगोच्या तळावर २०२० च्या जुलैमध्ये बॉनम रिचर्ड हे जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच पेटलं आणि चार दिवसांहून अधिक काळ जळत राहिलं.

निळ्या ठिपक्यांचा दुसरा दोष तर शाळकरी पोरालाही कळावा असा आहे. जहाजावरच्या माणसाला लपून करायचं काय? जहाज शेकडो फूट लांब असतं, त्यावर रडार फिरतंय, त्याचा आवाज पाण्याखालून मैलोन्मैल ऐकू जातोय. शत्रू जहाज शोधतो, डेकवर उभा असलेला खलाशी शोधत नाही. निळ्या-करड्या कपड्यातला माणूस खऱ्या अर्थानं अदृश्य होतो तो एकाच जागी, पाण्यात पडल्यावर. आणि नेमकं तेव्हाच त्याला दिसायचं असतं. लाटांमध्ये पोहणाऱ्याचं डोकं तेवढं वर असतं, नारळाएवढं. जहाज वळून परत येईपर्यंत मिनिटं जातात, लाटेआड गेलेलं ते डोकं पुन्हा हुडकायचं असतं. त्या वेळी खांद्यावर नारिंगी पट्टी असती, कॉलर उलटली की आतून उजेड परतवणारी फीत दिसली असती, तर शोधणाऱ्याच्या नजरेला काहीतरी धरायला मिळालं असतं. कामाचा शर्ट वरून गडद निळा ठेवा, कॉलरचं आणि टोपीचं अस्तर भडक नारिंगी करा. एवढ्या साध्या सोयीनं शिस्तीला कुठलाही धक्का बसत नाही.

रंगाला कामाला लावता येतं याचा पुरावा नौदलाच्याच घरात आहे. विमानवाहू जहाजाच्या उड्डाण-डेकवर पाहा. पिवळी जर्सी म्हणजे विमानांना दिशा देणारा. जांभळी म्हणजे इंधनवाला. लाल म्हणजे शस्त्रास्त्रं आणि अपघात-बचाव. हिरवी म्हणजे विमान झेपावणारी-अडवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती. पांढरी म्हणजे सुरक्षा आणि वैद्यकीय मदत. तिथे इंजिनांच्या गर्जनेत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून रंगच बोलतो. कुणी चुकीच्या जागी उभा असेल तर दुरूनही कळतं. हे रंग कुणाला शोभिवंत वाटले म्हणून आलेले नाहीत. तिथे गणवेशाचा विचार कामापासून सुरू झाला, म्हणून इतकी दशकं झाली तरी ती पद्धत मोडीत काढावी असं कुणाला वाटलं नाही.

अग्निरोधक कापड सगळ्यांना द्या म्हटलं की एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: उकाडा. इंजिनाच्या खोलीत ४५ अंशांच्या घरात तापमान असताना जाड सूट घालून काम करणं हा छळ आहे. अरामिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचं कापड वितळत नाही, ज्योत काढली की विझतं, पण महाग पडतं आणि घामही सुती कापडाइतका शोषत नाही. फॉस्फरसची प्रक्रिया केलेलं सुती कापड अंगाला बरं वाटतं, पण ब्लीचमध्ये धुतलं की त्याचा गुण उतरत जातो. जहाजावरच्या कपडेधुलाईत हे कोण पाहणार? आणि उकडलं की माणूस काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो बाह्या वर सरकवतो, चेन पोटापर्यंत खाली घेतो, वरचा भाग काढून कमरेला बांधतो. त्या क्षणी जगातलं सगळ्यात महागडं अग्निरोधक कापड कमरेला लटकत असतं आणि हात उघडे असतात. पर्ल हार्बरच्या बनियनमधल्या नाविकात आणि त्याच्यात मग फरक राहत नाही.

म्हणून आराम ही चैन आहे असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सुटसुटीत, हवा खेळणारा, काखेत न काचणारा पोशाखच दिवसभर नीट घातला जातो. आतल्या बनियनचाही विचार हवा. वर अग्निरोधक सूट आणि आत पॉलिस्टरचा टी-शर्ट असेल तर झळ आत पोचल्यावर वितळणारं कापड थेट कातडीवर आहे.

मापाचंही असंच. नौदलांत बायकांची संख्या वाढते आहे, पण कामाचा वेश पुरुषाच्या मापावर बेतून तोच लहान करून द्यायची खोड जुनी आहे. खांदे ढगळ, कंबर सैल, नितंबांवर तंग. जिथे कापड तंग बसतं तिथे मधला हवेचा थर जातो आणि झळ सरळ कातडीला भिडते. जिथे ढगळ असतं तिथे ते विंचमध्ये, फिरत्या दांड्यात, दोरखंडाच्या वेढ्यात अडकतं. बाईच्या मापाचा वेगळा बेत मागणं याला कुणी लाड म्हणत असेल, तर त्यानं एकदा दोन मापं मोठा सूट घालून शिडीवरून उतरून दाखवावं.

भारतीय नौदलानंही गेल्या काही वर्षांत फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पँट हा कामाचा जुना वेश सोडून ठिपक्यांच्या नक्षीचा गणवेश स्वीकारला. त्याच सुमारास नौदलाचा ध्वज बदलला, डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गला अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर शिवछत्रपतींच्या आरमाराचा वारसा दिसेल अशी घोषणा झाली. आपल्याकडे या गोष्टींवर भरभरून बोललं गेलं आणि अभिमान वाटावा अशाच त्या आहेत. पण खांद्यावरच्या पट्टीवर जेवढी चर्चा झाली, तिच्या दहाव्या हिश्शानं तरी खांदा झाकणाऱ्या कापडावर व्हायला हवी होती. कामाच्या वेशातला धागा कोणता, ज्योत काढल्यावर तो किती सेकंदांत विझतो, पन्नास धुण्यांनंतरही तेवढ्याच वेळात विझतो का, हे प्रश्न खासदारांनी आणि वर्तमानपत्रांनी विचारण्याजोगे आहेत. यात गुप्त काही नाही. शर्ट कशाचा आहे हे कळल्यानं शत्रूच्या हाती काही लागत नाही. तो घालणाऱ्याच्या आईवडिलांना मात्र ते कळण्याचा हक्क आहे.

बाजारातल्या साध्या शर्टाच्या कॉलरच्या आतही एक पट्टी शिवलेली असते. त्यावर कापडात काय किती टक्के आहे, पाणी गरम घ्यायचं की गार, इस्त्री किती तापवायची हे लिहिलेलं असतं. नौदलाच्या कामाच्या शर्टातल्या पट्टीवर आणखी दोन ओळी मावतात: हे कापड वितळतं की नाही, आणि ज्योत काढल्यावर किती सेकंदांत विझतं. ज्याला तो शर्ट घालून खाली इंजिनाच्या खोलीत उतरायचंय, त्यानं सकाळी बटणं लावताना ते वाचलेलं असावं.